लाकडी वस्तूंचे कारखाने एकाच भागात एकवटले तर त्यांची निर्यात वाढते का?

वाढते, मात्र त्यामागे स्वस्त लाकूड हे कारण नाही. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकाच धंद्याचे कारखाने एकवटलेल्या भागात, जागेचे भाडे आणि सुताराची मजुरी, दोन्ही चढीच असतात. इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच मुद्द्यावरून माझे आणि थोरल्या बंधूंचे अनेक वर्षे वाजलेले आहे.

शेजारी कारखाने असले की कारागीर फुटतात आणि नमुने चोरीला जातात, असे दादांचे मत. त्यांच्याच आग्रहाने आम्ही टेबल-खुर्च्यांचा कारखाना सगळ्यांपासून दूर, स्वस्त जमिनीवर उभारला. पहिल्या परदेशी मागणीसाठी लाकूड भट्टीत दहा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवले, प्रत्येक सांधा दोनदा तपासला, पॉलिशवरून बोट फिरवून पाहिले. तरीही माल परक्या बंदरात अडकला, आणि तोही टेबलांपायी नव्हे, तर ती ज्या पेट्यांत बांधली होती त्यांच्या फळ्यांपायी. आयएसपीएम १५ या २००२ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वेष्टनाचे सहा मिलिमीटरहून जाड कच्चे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवावे लागते किंवा त्यावर अन्य मान्य प्रक्रिया करावी लागते, आणि मग त्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का उमटतो. आमच्या पेटीवाल्याला याचा पत्ता नव्हता. खरे सांगायचे तर आम्हालाही नव्हता. डेमरेज, म्हणजे माल बंदरात अडकून पडल्याचा दंड, भरता भरता त्या मागणीतला नफा संपला.

क्लस्टरमधला पेटीवाला शिक्क्याच्या पेट्या रोजच पुरवतो, त्यामुळे नवख्या कारखानदाराला हा नियम ठाऊक नसला तरी त्याचा माल अडत नाही. निर्यातीचे निम्मे शिक्षण असे न शिकवता मिळते. इटलीतील मान्झानोच्या खुर्च्या किंवा इंडोनेशियातील जेपाराचे कोरीव फर्निचर अशा दाटीतूनच जगभर गेले. परदेशी खरेदीदार एका फेरीत अनेक कारखाने पाहतो आणि अर्धाच कंटेनर भरणाऱ्याचा माल शेजाऱ्याच्या मालासोबत रवाना होतो. म्हणून लहान कारखान्याला क्लस्टरचा लाभ अधिक, स्वतःची निर्यात शाखा असलेल्या मोठ्याला कमी.

दादांचे अगदीच चुकले असे मात्र नाही. शेजाऱ्याचे दरपत्रक समोर ठेवून भाव पाडणारे खरेदीदार मीही पाहिले आहेत. शिवाय २ जानेवारी २०१७ पासून सायटिस या धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारानुसार शिसवीच्या जातकुळीतील जवळजवळ सर्व लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांचे बंधन आले. अशा वेळी एकाच लाकडावर विसंबलेले सगळे कारखाने एकदमच अडचणीत येतात. हा सारा विचार फर्निचरपुरता आहे. चिराई गिरणीला जंगलाजवळचीच जागा सोयीची.

तेव्हा जागा पाहताना जमिनीच्या दराआधी शिक्क्याच्या पेट्या करणारा किती अंतरावर आहे, याची चौकशी करा. दादा अजूनही सारा दोष आमच्या पेटीवाल्याला देतात. त्या पंचक्रोशीत पेटीवाला एकच का होता, याचे उत्तर त्यांनी अद्याप दिलेले नाही.