यंत्रणा निवडण्याआधी

जळगाव, वैशाख

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

कमी ऊर्जेच्या, म्हणजे साध्या तापमानाला घडतात असा दावा असलेल्या केंद्रकीय अभिक्रियांची यंत्रणा हा विषय पीएच.डी.साठी घ्यावा, असे तू लिहिले आहेस आणि त्यांचा उलगडा करू पाहणाऱ्या विडम-लार्सन सिद्धान्ताने तुला भुरळ घातली आहे, हेही पत्रातून कळले. विषयाला माझी हरकत नाही, घाईला आहे.

२३ मार्च १९८९ रोजी फ्लायश्मन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी युटा विद्यापीठात जाहीर केले की, जड पाण्याचे विद्युत अपघटन करताना पॅलेडियमच्या ऋणाग्रापाशी रासायनिक हिशेबात न बसणारी उष्णता मिळते, आणि ती ड्युटेरॉनांच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या (ड्युटेरियमच्या) केंद्रकांच्या संमीलनातून येते. अडचण अशी की, दोन ड्युटेरॉनांचे संमीलन झाले, तर साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन निघतो, निम्म्या वेळा ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) बनते, आणि हेलियम-४ व गॅमा किरण ही तिसरी वाट कोटीत एखाद्या वेळीच घडते. या हिशेबाने एक वॅट उष्णतेमागे सेकंदाला लाखभर कोटी न्यूट्रॉन बाहेर पडले असते आणि प्रयोग करणारा निकाल सांगायला उरलाच नसता. म्हणजे ड्युटेरॉनांना दूर लोटणारा धन विद्युतभारांचा अडथळा कसा ओलांडला, न्यूट्रॉन कुठे गेले आणि गॅमा किरण का दिसत नाहीत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच यंत्रणेने द्यायला हवीत.

बहुतेक यंत्रणा एक प्रश्न सोडवताना दुसरा अवघड करून ठेवतात. धातूतील इलेक्ट्रॉन ड्युटेरॉनांमधले प्रतिकर्षण काहीसे झाकतात, हे कणझोताच्या प्रयोगांत दिसले आहे. पण खोलीच्या तापमानाला तेवढ्याने काम भागत नाही. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हॅगेलस्टाइन म्हणतात की ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांत वाटली जाते. आता २३.८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या शतांशांत मोजल्या जाणाऱ्या कंपनांत वाटायची, म्हणजे चाळीस-पन्नास कोटी वाटे झाले! तुझा विडम-लार्सन सिद्धान्त प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यापासून न्यूट्रॉन घडवून अडथळाच टाळतो. मात्र त्यासाठी लागणारी ०.७८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पृष्ठभागावर कशी साठते, हे मला अजून पटलेले नाही.

आपल्याकडेही १९८९मध्ये तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या काळात ट्रिटियमच्या नोंदी झाल्या होत्या, आणि त्यांत न्यूट्रॉन ट्रिटियमच्या मानाने फारच थोडे होते. त्या नोंदी जरूर वाच. पण त्यांवरून एकदम यंत्रणेवर उडी मारू नकोस.

माझाच एक प्रसंग सांगतो. तरुणपणी उन्हाळ्यात मी कॅलरीमापीवर काम करत होतो आणि तीन दिवस दुपारी थोडी जादा उष्णता मोजली जात होती. मी तिच्या कारणांचे दोन ताव लिहूनही काढले. चौथ्या दिवशी लक्षात आले की ऊन उतरले की ती उष्णताही उतरते. उपकरण पश्चिमेच्या खिडकीलगत मीच ठेवले होते. ते ताव अजून माझ्याकडे आहेत.

म्हणून तू यंत्रणेऐवजी, यंत्रणा जिथे एकमेकींपासून वेगळ्या होतात ते मोजमाप निवड. ड्युटेरॉन एकवटून हेलियम-४ बनत असेल, तर दर अणूमागे २३.८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट उष्णता निघायला हवी. विडम-लार्सनच्या वाटेने हा आकडा तसाच येण्याचे कारण नाही. पण पात्रात झिरपणाऱ्या हवेतच दर दहा लाख भागांत सुमारे ५.२ भाग हेलियम असतो, हे विसरू नकोस. मी हिशेब केला: एक वॅट तासभर मिळाला, तर जेवढा हेलियम बनेल, तेवढा सुमारे ७ घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या दीड चमचा हवेत आधीच असतो. २०१९मध्ये गूगलच्या पाठबळाने काम करणाऱ्या गटाने बरीच वर्षे शोधूनही अशा संमीलनाचा पुरावा मिळाला नसल्याचे ‘नेचर’मध्ये लिहिले. २०२५मध्ये मात्र विद्युत-रासायनिक पद्धतीने ड्युटेरियम भरलेल्या पॅलेडियमवर ड्युटेरियमचा मारा केल्यास संमीलनाचा दर सरासरी १५ टक्क्यांनी वाढतो, असे निकाल आले. तो झोताचा प्रयोग होता, जादा उष्णतेचा नव्हे.

पुढच्या रविवारी घरी ये. विभागातल्या निर्वात पात्रात दिवसाला किती हवा शिरते, तो आकडा तेवढा मोजून आण. तो हाती आला, की विडम-लार्सनबद्दल हवे तेवढे भांडू.

तुझे,
सर