केमोची सिस्टर कशी ओळखावी

ताई, पुढच्या आठवड्यात आईंची पहिली केमो आहे म्हणून लिहीत आहे. पत्नीच्या उपचारांसाठी पुण्यातील एका डे-केअरमध्ये दीड वर्ष बसलो, तेव्हा मी सिस्टरांचे हात पाहायला शिकलो.

अनुभवी सिस्टर शिरेसाठी घाई करत नाही. कोपर आणि मनगट टाळून ती हाताच्या मधल्या भागातील सरळ, मऊ शीर बोटाने चाचपते आणि डॉक्सोरुबिसिनसारखे लाल औषध सोडण्यापूर्वी नळीत रक्त मागे येते का हे पाहते. कारण ते औषध शिरेबाहेर झिरपले, तर कातडीला व आतील मांसाला गंभीर इजा होऊ शकते. औषध चालू असतानाही "जळजळतंय का?" असे ती पुन्हा पुन्हा विचारते. बाटली लावण्याआधी दुसऱ्या सिस्टरबरोबर नाव, औषध व मात्रा ताडून पाहते. हे झाले नाही असे वाटल्यास निःसंकोच थांबवा. आमच्या खाटेशी एकदा शेजारच्या रुग्णाची बाटली आली होती.

सिस्टरची माया मात्र वेगळ्या गोष्टींतून दिसते. माझ्या पत्नीची शीर सापडेना, तेव्हा एका सिस्टरने पुन्हा सुई न टोचता दहा मिनिटे गरम कापडाने हात शेकला आणि त्या वेळात माझ्याशी नव्हे, तर हिच्याशी बोलत राहिली. निघताना तिने कागदावर लिहून दिले: ताप 100.4 फॅरनहाइट झाला, तर घरीच गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीसुद्धा फोन करा.

केमो विभागात किती वर्षे आहात, हे सिस्टरना आदराने जरूर विचारा.