निरोगी माणसाच्या हातातली गोळी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

टीबीच्या पेशंटच्या घरच्यांनी प्रतिबंधक गोळ्या मधेच सोडल्या, "एवढं समजावूनही लोक ऐकत नाहीत," असं तू लिहिलंस. लोक ऐकतात गं. ऐकून घरी जातात आणि आपापला हिशोब मांडतात. तो हिशोब आपण विचारत नाही.

ज्याला टीबी झालाय त्याला गोळीचा गुण दिसतो. काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते. त्याच्या बायकोला काय दिसतं? ती सकाळी धडधाकट उठते, गोळी घेते आणि तिला मळमळतं. फायदा झालाच तर तो असा, की काहीच होत नाही. तिला "गोळी नाही घेतली तर टीबी होणारच" असं सांगू नकोस, कारण ते खरं नाही आणि आजूबाजूला बघून तिला ते कळतं. संसर्ग झालेल्या, म्हणजे जंतू अंगात शिरलेल्या पण आजारी नसलेल्या, शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्या दोन वर्षांत. पाच वर्षांखालच्या मुलांना धोका बराच जास्त. एवढंच सांग. घाबरवून पहिला आठवडा निघतो, कोर्सचे तीन किंवा सहा महिने निघत नाहीत.

एका बाईने माझ्यासमोर पिशवीतून पाकीट काढून ठेवलं, तो प्रसंग तुला सांगते. आठवड्यातून एकदा घ्यायचा कोर्स, एका वेळी नऊ गोळ्या. पहिल्या डोसची जागा रिकामी, बाकी सगळं जसंच्या तसं. "लघवी लाल झाली. रक्त जातंय म्हणून बंद केलं," एवढंच म्हणाली. त्या कोर्समधल्या रिफापेंटिन या औषधाने लघवी लालसर होते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या जागी मीही बंदच केलं असतं. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणाऱ्या बाईलाही आधीच विचार. या औषधाने त्यांचा परिणाम कमी होतो, आणि ते नंतर कळलं तर तुझ्या कुठल्याच गोळीवर तिचा विश्वास राहणार नाही.

दुसरं कारण कुणी तोंडाने सांगत नाही. लग्नाची मुलगी घरात असते. फळीवर पाकीट दिसलं की शेजारीण विचारते, कसल्या गोळ्या? म्हणून ते डाळीच्या डब्यात जातं आणि डब्यातच राहतं. अशा घरी आशाताईंना रजिस्टर घेऊन दारात उभं राहायला सांगू नकोस. पाकीट कुठे ठेवणार, हे त्या मुलीच्या आईलाच विचार.

तुझ्या भागातली अर्धी घरं ऊसतोडीला जातात, मग कॅलेंडर बघितल्याशिवाय कोर्स सुरू का करायचा? पावसाळ्यात आयसोनियाझिड या गोळीचा सहा महिन्यांचा रोजचा कोर्स सुरू केलास तर दसरा-दिवाळीला मुकादमाची गाडी येते आणि कोर्स अर्ध्यावर राहतो. तिथे आठवड्यातून एक असे 12 डोस बरे, निघण्याआधी संपतात. त्या डोसचा वार गुरुवार किंवा सोमवार धरू नकोस. बायकांचे उपास असतात आणि हा डोस जेवून घ्यायचा असतो. आठवडी बाजाराचा वार धर, तो कुणी विसरत नाही.

मग विचारायचं कसं? "गोळ्या घेता ना?" असं विचारलंस तर "हो" येणारच, तुझा मान ठेवायला. "या महिन्यात किती राहिल्या?" असं विचार. राहतात हे तू गृहीत धरलंस की ते मोकळे होतात. एखादा डोस हुकला म्हणजे सगळं वाया गेलं असं समजून कित्येक जण कायमचे थांबतात. तसं नसतं, पुढे चालू ठेवता येतं. हे पहिल्याच दिवशी सांग.

1950 च्या दशकाच्या शेवटी जॉर्ज कॉमस्टॉक या डॉक्टरांनी अलास्कातल्या बेथेल भागात याच आयसोनियाझिडचा अभ्यास केला. औषध निर्धोक आहे हे गावकऱ्यांना पटावं म्हणून त्यांनी स्वतः आणि त्यांच्या घरच्यांनीही ते घेतलं. गोळ्या घेतलेल्यांना मिळालेलं संरक्षण 19 वर्षांनंतरही टिकून होतं. तू गोळ्या घ्याव्यास असं मी म्हणत नाही. पण पहिला डोस त्यांच्या घरी, त्यांच्यासमोर बसून दे, आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला जा. सोडणारे बहुतेक सुरुवातीलाच सोडतात.

खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम यांची चौकशी आणि तपासणी झाल्याशिवाय कुणालाही सुरू करायचं नाही, हे तुला ठाऊक आहेच. आणि "काही झालं तरी बंद करायचं नाही" हे वाक्य म्हणणं सोडून दे. भूक मेली, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसले तर गोळी तिथल्या तिथे थांबवायची आणि दवाखान्यात यायचं. यकृताला त्रास होऊ शकतो, दारू पिणाऱ्यांना जास्त. ही ओळ प्रत्येक पाकिटावर पेनाने मराठीत लिही. खाली तुझा नंबर लिही, आणि रात्री फोन आला तरी उचल.

सस्नेह,
तुझी मॅडम