सांबर बुजलं कशाने?

प्रश्न : बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसलो होतो. मचाण नाल्याच्या वरच्या उतारावर, पाणवठा खाली. अंगात खाकी कपडे, बोलणं बंद. दिवस असेतो चितळं, वानरं निवांत पाणी पिऊन गेली. रात्री मात्र एक सांबर पाण्यापाशी थबकलं, पाय आपटला, मचाणाकडे बघत ओरडलं आणि पळालं. आमचं काय चुकलं?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : सांबराला तुम्ही दिसला नाहीत, तुमचा वास गेला. दिवसा तापलेली हवा उतारावरून वर चढते, म्हणून तुमचा वास डोंगराकडे जात होता आणि खाली चितळं निर्धास्त होती. सूर्य बुडाला की जमीन निवते, हवा जड होऊन नाल्याकडे उतरू लागते. घाम, डासांचं मलम, मळलेली तंबाखू, सगळं पाण्यावर गेलं. मेळघाटात वनखात्याची नोकरी करताना मी मचाणावर चिमूटभर राख न्यायचो. मधूनमधून बोटांतून सोडायची आणि चांदण्यात कुठे वाहते ते बघायचं. जुने शिकारीही आधी वारा बघत, मग बसत. शिकार आज १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. वाऱ्याची ही जाण मात्र निरीक्षकाने शिकून घ्यावी.

मचाण नेमून दिलेलं असतं, ते बदलता येत नाही. मग वास कमी करणं एवढंच हाती उरतं. आदल्या दिवसापासून सुगंधी साबण, तेल, अत्तर बंद. तंबाखू घरीच. कपडे चमक आणणाऱ्या पावडरीने धुऊ नका. तिच्यामुळे कापडावर निळसर झाक येते आणि निळा रंग हरणांना चांगला दिसतो. लाल-हिरव्यातला फरक त्यांना फारसा कळत नाही, तेव्हा खाकीवर फार भिस्त नको. वानरांना मात्र आपल्यासारखे रंग दिसतात.

हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे बाजूची बारीक हालचालही ते टिपतं. हलायचंच असेल तर त्याने पाण्याला तोंड लावल्यावर, तेही सावकाश. पुष्कळदा ते मान खाली घालतं आणि झटकन वर करून पुन्हा बघतं. पाय आपटला म्हणजे त्याची खात्री झालेली नसते. तेव्हा पापणीशिवाय काही हलवू नका, कदाचित थांबेल. मे महिन्यात तिथे पाणी मोजक्या जागी असतं. आपल्यापायी ते तहानलेलं परतावं, हे मला फार लागतं.

आणि रात्री खाली उतरू नका, लघवीलासुद्धा, बाटली न्या. अस्वलाचं नाक तिखट असलं तरी नजर अधू. वारा उलटा असेल तर अगदी जवळ येईतो त्याला माणूस कळत नाही, आणि कळला की ते दचकून अंगावर येतं.