"पाढे पाठ आहेत हो मॅडम, पण भागाकार आला की रडते"

हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरच्या बाई "पाढे" म्हणाल्या की पुढचं मला आधीच कळतं. बेरीज येते, वजाबाकी येते, गुणाकार पण जमतो, आणि भागाकाराला गाडी अडते. मग ट्यूशन, मग रोज रात्री वीस गणितं, मग रडारड, आणि शेवटी मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी बघणाऱ्या माझ्याकडे. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी पाचवीतली, सांगलीकडच्या गावातली, घरचं किराणा दुकान. आई म्हणाली, तीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणते, पण भागाकाराचं पान उघडलं की हिच्या पोटात दुखतं. बाबा म्हणाले लक्ष नसतं, दुसरं काही नाही. मी आधी दोघांना शांत केलं. असर म्हणजे ग्रामीण मुलांना वाचन-गणित कितपत येतं ते बघणारं देशभरातलं सर्वेक्षण; त्यात गणिताची सगळ्यात वरची पायरी म्हणजे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं, आणि २०२२ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या पाचवीच्या साधारण चार मुलांपैकी एकालाच ते जमलं होतं. म्हणजे तुमची पोर काही जगावेगळी नाही.

पहिल्या दोन भेटी माझ्या फुकट गेल्या हे कबूल करते. मी ठरवूनच टाकलं होतं की ही परीक्षेची भीती आहे, म्हणून खोल श्वास घे, डोळे मिट वगैरे करून घेतलं. पोरगी शहाणी, सगळं नीट केलं, आणि वही काढली की परत पोट दुखायला लागलं.

तिसऱ्या भेटीत मी फक्त बघत बसले. ४७ भागिले ५ दिलं. तिने पाच नव्वे पंचेचाळीस केलं, ९ लिहिले, खाली २ उरले, एकदम बरोबर. आणि मग रबर घेऊन ते २ खोडले आणि तिथे शून्य लिहिलं. इतकं खोडलं की कागद फाटला.

मी विचारलं, "दोन कुठं गेले गं?"

"घालवले."

"का?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "बाकी ठेवली की पप्पा चिडतात."

मला आधी समजलंच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. दुकान! उधारीची वही! कुणाची किती बाकी राहिली यावरून घरात रोज रात्री तणतण, बाकी म्हणजे लोकांनी बुडवलेले पैसे, बाकी म्हणजे पप्पांचा चढलेला आवाज. आणि शाळेत गुरुजी फळ्यावर लिहितात, बाकी २. पोरीने आपल्या परीने नियम बसवला होता की बाकी उरली म्हणजे आपलं काहीतरी चुकलं.

आता कुणी म्हणेल एवढ्याशा शब्दाने काय होतंय. होतं. मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणारा स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या चाचण्यांवर काम करत होता, तेव्हा त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांत जास्त रस वाटायला लागला. मी त्याच वाटेवरची आहे. मूल चुकतं तेव्हा ते बहुतेक वेळा कुठला तरी नियमच पाळत असतं, फक्त तो नियम आपल्याला माहीत नसतो. तो शोधायला ट्यूशनवाल्यांना वेळ नसतो, आणि थोडं मोठेपणाने म्हणते, तेवढं एक मला जमतं.

मी बरणीतल्या ४७ गोळ्या टेबलावर ओतल्या. पाच जणांना वाट म्हटलं. तिने फटाफट वाटल्या, दोन उरल्या.

"या दोन कुणाच्या?"

"कुणाच्याच नाय. बरणीत परत."

"म्हणजे कुणी बुडवल्या का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नाय की. आपल्याकडंच हायत." आणि मग स्वतःशीच म्हणावं तसं, "ही बाकी म्हणजे उरल्यात फक्त."

त्या दिवशी पहिल्यांदा तिने बाकी न खोडता वही मिटली. मी एक शब्द बोलले नाही. अशा वेळी शाब्बास म्हणायचा मोह आवरावा लागतो, मूल विचार करत असतं, मधे टाळ्या वाजवल्या की ते आपल्याकडे बघायला लागतं.

दुसरी गाठ होती शून्याची, आणि ही तर घरोघरी असते. ६१२ भागिले ६ चं उत्तर तिने १२ काढलं. सहा एके सहा, मग १ ला भाग जात नाही, म्हणून २ खाली घेतले, सहा दुणे बारा, झालं. "भाग जात नाही" म्हटलं की मुलांना वाटतं तिथे काही झालंच नाही, पुढे चला. मी खेळातल्या नोटा दिल्या, शंभराच्या सहा, दहाची एक, आणि एक रुपयाची दोन नाणी. सहा जणांत वाट.

शंभराची एकेक गेली. दहाची हातात धरून ती थांबली.

"फाडायची व्हय?"

"तुमच्या गल्ल्यावर काय करतात?"

"सुट्टे!"

"आधी सांग, दहाच्या किती नोटा मिळाल्या एकेकाला?"

"एकबी नाय."

"मग ते लिहिलंस कुठं?"

तिने वहीकडे बघितलं, १ आणि २ च्या मधे बोट ठेवलं, आणि एवढंसं शून्य कोंबलं. १०२. मग सुट्टे केले, बारा रुपये, दोन दोन वाटले. दुकानदाराची पोर, सुट्टे करणं तिला चालायला लागल्यापासून येत होतं, फक्त भागाकारातही तेच असतं हे कुणी तिला दाखवलं नव्हतं.

घरी काय करायचं तर, पालकहो, आधी ती रोजची वीस गणितं बंद करा, दोन पुरतात. आणि भागाकाराचे प्रश्न दोन तऱ्हांनी विचारा. वीस चपात्या, चौघं जेवायला, प्रत्येकाला किती? आणि वीस चपात्या, एकेक जण चार खातो, तर किती जणांना पुरतील? उत्तर दोन्हीकडे पाचच, पण मुलाच्या डोक्यात या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि बरीच मुलं फक्त पहिलीच ओळखतात. पुढे अपूर्णांक आले की दुसरी लागतेच, तीन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरलं तर सहा पिशव्या होतात, ते "वाटून" कसं समजावणार? गणित मांडायच्या आधी अंदाज विचारा, सहा जणांत सहाशे बारा, तर एकेकाला शंभराच्या वर की खाली? १२ लिहिणारं मूल तिथेच थबकतं. आणि उत्तर तपासायला त्यालाच लावा, भागाकार गुणिले भाजक, त्यात बाकी मिळवली की भाज्य परत यायला पाहिजे.

भागाकारात उरलेल्या बाकीचं काय करायचं तेही प्रसंगावर असतं. मी तिला विचारलं, ४७ माणसं आणि एका वडापमध्ये, म्हणजे गावाकडच्या शेअर जीपमध्ये, ९ बसतात तर किती वडाप? म्हणाली, "पाचच. उरलेल्या दोघांना वडापवाला कोंबतो की." यावर मी काय बोलणार!

एक मात्र सांगते, सगळ्याच मुलांचं असं शब्दात अडकलेलं नसतं. पाचवीतही लहान मोठी संख्या ओळखायला त्रास होत असेल, साधी बेरीज अजून बोटांवर चालली असेल, तर उगीच गोळ्या वाटत बसू नका, शिकण्यातल्या अडचणींची तपासणी करून घ्या.

आमच्या सातेक भेटी झाल्या. बाबा शेवटच्या भेटीला आले होते, सगळं ऐकून घेतलं, जाताना म्हणाले वहीत बाकीच्या जागी आता "येणं" लिहितो. मी हसले, म्हटलं लिहा काहीही, फक्त रात्री आवाज जरा कमी ठेवा.

परवा आईचा फोन. ८२४ भागिले ८ ला परत १३ आलं म्हणे. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? "काही नाही, मी बोलायच्या आधीच तिनं खोडलं, म्हणाली दहाच्या नोटा लिहायच्या राहिल्या."