बँड दिसत नसेल तर रायबोझोम कुठे अडला ते शोध

प्रिय,

ई. कोलाय जिवाणूत तू बनवायला घेतलेल्या प्रथिनाच्या जेलचा (त्यावर प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात) फोटो पाहिला. 45 किलोडाल्टनच्या, म्हणजे त्याच्या आकाराच्या, जागी काही नाही, म्हणून आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) 1 मिलिमोलरवरून 2 वर न्यायचं तुझ्या मनात आहे. नेऊ नकोस. पीईटी वेक्टरला (तुझं जनुक वाहणाऱ्या प्लाझ्मिडला, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्याला) 0.1 ते 0.5 मिलिमोलर बहुतेक वेळा पुरतं. टी7 पॉलिमरेज (डीएनएवरून आरएनए लिहिणारं विकर) ई. कोलायच्या स्वतःच्या पॉलिमरेजपेक्षा कितीतरी वेगाने आरएनए लिहितो, त्यामुळे एमआरएनएचा (जनुकाच्या आरएनए प्रतींचा) तुटवडा असण्याची शक्यता कमीच. गाडी अडते ती पुढे, एमआरएनए वाचून प्रथिन जोडणाऱ्या रायबोझोमपाशी.

पण आधी नमुन्याचं बघ. लेनखाली तू ‘सुपर’ लिहिलं आहेस, म्हणजे पेशी फोडून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं द्रावण तेवढं लावलंस. प्रथिन अविद्राव्य गोळे होऊन पेलेटमध्ये (तळाच्या गाळात) बसलं असेल, तर ते या जेलवर दिसणारच नाही. इन्डक्शनआधी (आयपीटीजी घालण्याआधी), 1 तासाने आणि 3 तासांनी पेशी घे, पण दर वेळी सारखं कल्चर घेऊ नकोस, सारख्या पेशी घे: ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) 1 च्या 1 मिलीइतक्या. ओडी 2 असेल तर अर्धा मिली. पेलेट 100 मायक्रोलिटर एसडीएस सॅम्पल बफरमध्ये मिसळून 95 अंशांवर 5 मिनिटं ठेव आणि 12 टक्क्यांच्या जेलवर 10 मायक्रोलिटर लाव. पेशी थेट बफरमध्ये उकळल्याचा आणखी एक फायदा: त्या फुटल्यानंतर प्रोटिएजना (प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना) कुरतडायला वेळ मिळत नाही.

एकूण पेशींच्या लेनमध्येही काही नसेल, तर सुरुवातीकडे बघ. जिवाणूच्या रायबोझोमचा 30एस हा लहान उपघटक एमआरएनएवर वाट्टेल तिथे बसत नाही. त्याच्यातल्या 16एस आरएनएचं शेपूट एमआरएनएवरच्या एजीजीएजीजीसारख्या पट्ट्याशी जुळतं आणि त्यानंतर साधारण 5 ते 9 अक्षरांवर एयूजी हवा, म्हणजे सुरुवातीचा कोडॉन (एका अमिनो आम्लाचा तीन अक्षरी शब्द). पीईटीमध्ये हे अंतर आधीच जमवलेलं आहे. एनडीई-1 या कापण्याच्या जागेत जनुक बसवलंस तर ते तसंच राहतं. मध्ये लिंकर (जादा डीएनए तुकडा) घुसवला किंवा दुसऱ्या जागेतून कापून जोडलं, की बिघडतं. वेक्टरच्या नकाशावर विसंबू नकोस. सिक्वेन्सिंगची फाइल उघड आणि पट्ट्यापासून एटीजीपर्यंतची (डीएनएमध्ये एयूजी असा लिहिलेला असतो) अक्षरं बोटाने मोज.

दुसरं कारण नकाशात दिसत नाही आणि फसवतं ते जास्त. एयूजीच्या आसपासचा आरएनए स्वतःवरच घडी घालून घट्ट हेअरपिन करतो आणि 30एसला बसायला जागाच उरत नाही. जनुकाची पहिली 35 ते 40 अक्षरं इथे निर्णायक असतात. जनुक ‘ऑप्टिमाइज’ करून मागवलं असलं तरी निश्चिंत राहू नकोस. सगळे कोडॉन लाडके निवडण्याच्या नादात सुरुवातीला जी आणि सीची गर्दी झालेली असू शकते. दुसऱ्यापासून दहाव्या-बाराव्या कोडॉनपर्यंत अमिनो आम्लं तीच ठेवून ए-टी जास्त असलेले पर्याय घे. एका लांब प्रायमरचं (पीसीआरला सुरुवात करून देणाऱ्या डीएनए तुकड्याचं) काम आहे. नवीन जनुक मागवण्याआधी हे करून बघायला हवं.

रायबोझोम मध्येच अडल्याची खूण वेगळी: अँटी-हिस ब्लॉटवर (प्रथिनाला जोडलेला हिस टॅग दाखवणाऱ्या चाचणीत) पूर्ण आकाराच्या खाली पायऱ्या. माणसाच्या जनुकांत आर्जिनिनच्या दर पाच जागांपैकी साधारण दोन एजीए किंवा एजीजी असतात. ई. कोलाय हे कोडॉन फार कमी वापरतो, त्यामुळे त्यांचे टीआरएनएही (अमिनो आम्ल आणून देणारे रेणू) थोडेच. दोन एजीजी लागोपाठ आले की रायबोझोम ए-साइट (येणाऱ्या टीआरएनएची जागा) रिकामी ठेवून ताटकळतो आणि बोरघाटात एक ट्रक बंद पडावा तशी मागे बाकीच्यांची रांग लागते. मग कुणी अर्धवट साखळी सोडून देतो, कुणाची फ्रेम (तीन-तीन अक्षरांचं वाचन) सरकते. यावर रोझेटासारखा ई. कोलायचा स्ट्रेन वापर, त्यात हे टीआरएनए जादा प्लाझ्मिडवरून मिळतात. ते प्लाझ्मिड टिकवायला क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक 34 मायक्रोग्रॅम प्रति मिली लागतं. रात्रीच्या कल्चरमध्येही ते घालायचं. तिथेच विसरतात सगळे.

पायऱ्यांचा अर्थ टॅग कुठे आहे त्यावर ठरतो. टॅग एन-टोकाला (साखळीच्या सुरुवातीला) असेल तर छोटे बँड म्हणजे अर्ध्यावर सुटलेल्या साखळ्या. सी-टोकाला (शेवटी) असूनही छोटा बँड दिसला तर रायबोझोम बहुधा आतल्याच एखाद्या एयूजीवर बसला आहे. दोन्ही बाबतींत प्रोटिएजचा संशय उरतोच, म्हणून उकळलेल्या पेशींचाच नमुना ग्राह्य धर.

एकूण लेनमध्ये बँड जाड आणि ‘सुपर’मध्ये शून्य असेल, तर रायबोझोमने काम चोख केलं आहे, जरा जास्तच घाईने. 37 अंशांवर ई. कोलायचा रायबोझोम सेकंदाला 15 ते 20 अमिनो आम्लं जोडतो. तुझी सुमारे 400 ची साखळी अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेर. माणसाच्या पेशींमध्ये हा वेग सेकंदाला पाच-सहा असतो, म्हणून तिथे एक भाग बाहेर पडून घडी घालून घेतो तोवर दुसरा बनत असतो. तेव्हा तापमान 18 अंशांवर आण, आयपीटीजी 0.1 मिलिमोलर घाल आणि रात्रभर, साधारण 16 तास, चालू दे. कल्चर थंड झाल्यावरच आयपीटीजी घाल. गरम फ्लास्कमध्ये घालून मग शेकर थंड करत बसलीस तर पहिल्या अर्ध्या तासातच गोळे होतील.

इन्डक्शन ओडी 0.6 च्या सुमारास करायचं ते नुसतं रिवाज म्हणून नव्हे. पेशीत रायबोझोम किती हे तिच्या वाढीच्या वेगावर ठरतं. भरभर वाढणाऱ्या पेशीत ते हजारोंनी असतात. वाढ थांबली की त्यांच्या जोड्या जुळून 100एस होतात आणि निपचित पडून राहतात. जेवून येईपर्यंत ओडी 2 च्या पुढे गेला असेल तर ते कल्चर टाकून दे.

पुढच्या जेलवर या क्रमाने लाव: मार्कर, इन्डक्शनआधी, 1 तास, 3 तास, 3 तासांचं सुपर, 3 तासांचं पेलेट, आणि शेवटी रिकाम्या वेक्टरच्या पेशी, त्याही आयपीटीजी घालून. सुपर आणि पेलेट एकाच आकारमानात आण, नाहीतर तुलना करता येणार नाही. फोटोसोबत जनुकाची पहिली 60 अक्षरं, एटीजीच्या आधीच्या 30 सकट, पाठव.

तुझा,
मार्गदर्शक