रक्तदाबाची औषधे आणि नायट्रिक ऑक्साइड

प्रश्न : रक्तदाबाच्या औषधांचे उंदरांवर जे प्रयोग होतात, त्यांत नायट्रिक ऑक्साइडचा उल्लेख वारंवार आढळतो. वाहनांच्या धुरात असणारा हा वायू शरीरात कुठून येतो आणि औषधाचा गुण त्याच्यामुळेच आला, हे कसे ठरवतात?

उत्तर : रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातील पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हा वायू स्वतःच बनवतात. तो जेमतेम काही सेकंद टिकतो, परंतु तेवढ्या अवधीत लगतच्या स्नायुपेशींत शिरून त्यांना सैल करतो आणि वाहिनी रुंदावते. १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर असे दाखवले की, अॅसिटिलकोलीन या चेतासंदेशवाहक रसायनामुळे सैल होणारी पट्टी, तिचे अस्तर नुसते घासून काढले तरी सैल होत नाही. अस्तरातून निघणारा तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइडच आहे, हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले.

औषधांचे मार्ग मात्र वेगवेगळे आहेत. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध नायट्रिक ऑक्साइड स्वतःच पुरवते, त्यामुळे त्याला अस्तराची गरज लागत नाही. एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारखी औषधे रक्तवाहिन्या आवळून दाब चढवणाऱ्या अँजिओटेन्सिन-२ या द्रव्याची निर्मिती रोखतात आणि त्याच वेळी ब्रॅडिकायनिन या वाहिन्या रुंदावणाऱ्या द्रव्याचे विघटनही थांबवतात. हे साठलेले ब्रॅडिकायनिन अस्तराला अधिक नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावते.

यातला वायूचा वाटा किती, हे पाहण्यासाठी उंदराला एल-नेम हे रसायन देऊन वायूची निर्मिती थांबवतात आणि मग औषध देतात. औषधाचा परिणाम घटला, की वायूचा त्यात हात होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण माझ्या मते इथेच सर्वाधिक सावधगिरी हवी. एल-नेममुळे रक्तदाब मुळातच चढतो, आणि चढलेल्या दाबावर औषध वेगळे वागू शकते. म्हणून फेनिलएफ्रिनसारख्या दुसऱ्या द्रव्याने दाब तेवढाच चढवलेल्या उंदरांचा गट तुलनेसाठी ठेवला नसेल, तर तो निष्कर्ष कच्चाच समजावा. शिवाय कित्येक आठवडे एल-नेम दिलेल्या उंदरांतही एनालाप्रिलच्या वर्गातील औषधे रक्तदाब उतरवतात. वायूची निर्मिती दबलेली असतानाही दाब उतरतो, याचा अर्थ अँजिओटेन्सिन रोखण्याचे त्यांचे मूळ काम तिथे स्वतंत्रपणे चालूच असते.